हद्दीपलीकडच्या विटा

मार्तंडभाऊजी यांस आशीर्वाद.

तुमचे दादा गेल्यावर जालन्याच्या बाजारातली मोकळी जागा वाटणीत अर्धी-अर्धी झाली अन् तुम्ही रागानं बदनापूरला निघून गेलात. मी माझ्या अर्ध्यात इमारत बांधायला काढलीय. खाली दुकानं, वर राहायचं घर. नकाशा माझाच, जिना रस्त्यावरून घेतला, म्हणजे बायकांना दुकानातून जायला नको.

रस्त्याकडची भिंत तुमच्या हद्दीला भिडली, तेव्हा मिस्त्रीनं विचारलं, "बाई, कड सपाट करू?"

"न्हाई. एकाआड एक वीट बाहेर ठेवा. मंग भाऊजी बांधतील ती भिंत बराबर जुळंल."

मीच आधी का बोलू? हे पत्र धाडणार न्हाई. पण त्या विटा चार बोटं तुमच्या जागेत गेल्यात, हे कुणीतरी सांगंलच. भांडायला तरी या.

तुमची वहिनी,
झुंबर