एका वॉर्डातल्या दोन मितिनी

प्रिय मितिनी,

पत्र हातात पडल्यावर आधी हसाल, मला ठाऊक आहे. दरीच्या या अंगाला मी, त्या अंगाला तुम्ही, मध्ये एवढासा ओढा. मी अंगणातून हाक मारली तर तुमची कुत्री भुंकतात. तरी कागद घेऊन बसले, कारण हाक मारली की ती अख्ख्या रातोमाटेला ऐकू जाते आणि हल्ली आमच्या रातोमाटेला फारच कान उगवलेत. थंडीत वॉर्डांचा तो नवा नकाशा लागला, तेव्हापासून तुम्ही इकडे आला नाहीत आणि मी तिकडे गेले नाही. माघी संक्रांतीला कंद उकडले, तुमच्या वाटणीचे झाकून ठेवले, दोन दिवस वाट पाहिली आणि शेवटी शेळीला घातले. राग नाही हो. यायला मलाही तोंड नव्हतं.

इकडचं सगळं ठीक. चहाच्या मळ्यात पहिली खुडणी सुरू झाली. माझे हात आता निवृत्त झाले, पण पोरी पाठीवर टोपल्या घेऊन निघाल्या की माझी बोटं आपोआप हलतात. अर्पणच्या बाबांचा गुडघा तसाच आहे. जीभ मात्र तरुण आहे. काल शेजारणीला सांगत होते, आमच्याकडे दोन आजार आहेत, एक माझा गुडघा आणि दुसरा हिची निवडणूक, आणि दोन्ही चढावर दुखतात. मी लाटणं उचललं तेव्हा गप्प बसले.

परवा बसल्या बसल्या आपलं मित लागलं, जन्माच्या मैत्रिणी झालो, तो दिवस आठवला. शाळेत दोघींना सगळे जुळ्या समजायचे. मी राईंची, तुम्ही लेपचांच्या, आणि नाक एकच. माझी आमा म्हणाली, देवानेच खूण केली आहे, आता नातं बांधलंच पाहिजे. तुमचा पुजारी आणि आमचा पुजारी कुणी आधी मंत्र म्हणायचा यावर भांडत बसले आणि आपण दोघी नव्या कपड्यांत थंडीने कुडकुडत उभ्या. शेवटी मितबा, म्हणजे तुमचे बाबा, ओरडले की मुली गारठून मेल्या तर मित कुणाचं लावणार? मग दोघांनी एकदमच मंत्र म्हटले. तेव्हापासून आपण एकमेकींची नावं घ्यायची नाहीत, अहो-जाहो करायचं, भांडायचं नाही. एवढुशा शेंबड्या पोरी आपण, आणि चिंचोक्यांच्या खेळात सुद्धा ‘मितिनी, आपली पाळी आली बरं का’! तुम्ही आजारी पडलात त्या दिवशी मास्तरांनी विचारलं, आज कोण आलं नाही? मला नाव घेता येईना. मी ‘ती... माझ्यासारखी दिसते ती’ म्हणाले, तर मास्तर म्हणाले, मग तू तरी आली आहेस का? सगळा वर्ग हसला.

आणि अशा बाईला आमच्या पक्षवाल्यांनी निवडणुकीत तुमच्यासमोर उभं करायचं ठरवलं. हे कसं झालं ते तुम्हाला दहा तोंडांनी कळलं असेल, आता अकराव्यांदा माझ्या तोंडून ऐका. नव्या नकाशात तुमच्या सोंगबोचा वॉर्ड गेला. इतकी वर्षं मूठभर घरं असली तरी पंचायतीत तुमचा आपला एक सदस्य होता, आणि गेल्या दोन खेपा तर तुम्हीच होता. तुमची पाण्याची नळी, ओढ्यावरचा पूल, शाळेत लेपचा शिकवणारा मास्तर, सगळं त्या एका खुर्चीने आणलं. आता सोंगबो आमच्या मळ्याच्या वस्त्यांना जोडलं आणि वॉर्ड एकच झाला, बायकांसाठी राखीव. इथे कुणाला वाईट वाटलं म्हणाल तर नाही. उलट आमचे लोक म्हणाले, चला, सुंठीवाचून खोकला गेला.

त्याच आठवड्यात प्रेमध्वज दाजू शहरातून आले. पक्षाचे मोठे माणूस, पण मनाने वाईट नाहीत. आमच्याकडे बसून सेलरोटी खाल्ली, अर्पणच्या पाठीवर थाप मारली आणि मला म्हणाले, दिदी, तुम्ही उभ्या राहा, तुमच्या सख्ख्या दाजूने गोर्खालँडसाठी जीव दिला, तुम्हाला कोण नाही म्हणणार? मी विचारलं, समोर कोण आहे? म्हणाले, कुणी नाही, ती सोंगबोची बाई भरेल अर्ज, तिला चार सभांत नाव घेऊन झोडपायचं की झालं. खोलीतले सगळे जमिनीकडे बघू लागले. अर्पणच्या बाबांना खोकला आला. अख्ख्या डोंगरात तुमचं नाव ज्या एका बाईला घेता येत नाही, तीच यांनी निवडली! शहरातल्या माणसाला कोण सांगणार? मी म्हणाले, विचार करते. त्यांनी त्याचा अर्थ हो असा घेतला आणि आठवडा जातो न जातो तोच माझा फोटो छापून दारोदारी लागला. फोटोत मी अशी दिसते की कुणीतरी कच्चं लिंबू चारलंय.

खोटं कशाला बोलू, मितिनी, मला मोह झाला. तुम्हाला माहीत आहे माझा दाजू कसा गेला. मी तेव्हा लहान होते, चौकात गोळ्या सुटल्या आणि संध्याकाळी त्याला दाराच्या फळीवर घालून आणला. आमाने शेवटपर्यंत त्याची टोपी खुंटीवरून काढली नाही. मला हे गोर्खालँडचं राज्य हवं आहे. मरायच्या आधी एकदा तरी मला कुणी विचारू नये, तुम्ही नेपाळहून कधी आलात म्हणून. अर्पणची तर त्या लांबलेल्या बंदात दहावी बुडाली. दुकानं बंद, वाटा बंद, घरात दाणा नाही, आणि तुम्ही पाठीवर कोदो आणि नेच्यांचे कोंब घेऊन ओढा उतरून आलात. तुमच्या घरात तरी कुठे धान्य सांडत होतं? अर्पण तुमच्याच हातचं जेवून वाढला. तोच आता पक्षाच्या तरुणांचा पुढारी आहे, आणि घरात आल्यावर माझ्याशी भाषणासारखं बोलतो.

पहिली सभा मळ्याच्या पटांगणात झाली. मी लुगडं बदलून, दाजूच्या फोटोला हार घालून गेले. बोलायला मला शिकवावं लागत नाही, ते तुम्हाला ठाऊक आहे. मी म्हणाले, खालच्या मैदानी मुलखातल्या लाखोंच्या गर्दीत आपण पहाडी माणसं मूठभर. आपलं मत त्यांच्या मतांत मीठ विरघळावं तसं विरघळतं. आपली भाषा कुणाला कळत नाही, आपली वाट कुणी बांधत नाही, म्हणून आपलं घर वेगळं पाहिजे. टाळ्या पडल्या. अर्पण सगळ्यात जोरात वाजवत होता. आणि माझी नजर गर्दीच्या कडेला गेली. तिथे मितबा उभे होते, डोक्याला वेताची टोपी, हातात काठी. एवढा चढ या वयात कसे चढले देव जाणे.

सभा संपल्यावर मी पाया पडले. ते म्हणाले, जसमती, छान बोललीस पोरी, अगदी माझ्या मनातलं बोललीस. मी खूश झाले. मग म्हणाले, आता एवढं सांग, तुमच्या गर्दीत आमचं सोंगबो विरघळलं, तर आम्ही वेगळं राज्य कुणाकडे मागायचं? रागाने नाही बोलले. गुळाचा खडा मागावा तसं बोलले. आणि काठी टेकत चालू लागले. दाजू गेला त्या दिवसापासून जे मैदानवाल्यांना ओरडून सांगत आले, तेच एक म्हातारा माणूस मला हळू आवाजात सांगून गेला. तुम्ही त्यांना पाठवलं नव्हतंत, हे मला माहीत आहे. तुम्ही तर त्यांना चुलीपाशी बसवून ठेवलं असतंत.

घरी येऊन हे अर्पणच्या बाबांना सांगितलं. ते म्हणाले, आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, हे तर जुनंच आहे. अर्पणला सांगितलं तर तो उसळला. आमा, आधी राज्य येऊ दे, मग लहानांचं बघू. मी म्हणाले, दिल्लीवाले पण हेच म्हणतात बाळा, आधी देशाचं होऊ दे, मग तुमचं बघू. त्याला पटलं नाही. मग म्हणाला, मामा कशासाठी मेला ते विसरलीस का? हे त्याने बोलायला नको होतं. मामाला त्याने पाहिलंसुद्धा नाही. मी ताट वाढलं आणि उठून बाहेर गेले. परत आले तर ताट तसंच.

गेल्या बाजाराला तुमच्याकडची वेलदोडेवाली भेटली. तिने सांगितलं, तुम्ही अर्ज भरणार नाही म्हणालात. मितिनीच्या विरुद्ध उभं राहणं पाप आहे, एवढंच बोललात आणि गुरांना चारा घालायला निघून गेलात. मला रस्त्यातच रडू आलं. लोक म्हणाले, मिरची लागली वाटतं. वेलदोडेवाली पुढे म्हणाली की भरायचा म्हटलं तरी सही करायला कोण आहे? पक्षाने सोंगबोत निरोप पाठवलाय, त्या बाईला जो सूचक होईल त्याला रस्त्याच्या कामावर घेणार नाही. त्या मूठभर घरांत पोटासाठी दुसरं आहे काय? कुणाला दोष द्यायचा? मी त्या पोरीच्या हातून विड्यापुरते वेलदोडे घेतले आणि घरी येईपर्यंत एक एक चावत विचार केला.

काल प्रेमध्वज दाजूंना निरोप दिला की मी उभी राहत नाही. ते धावत आले. समजावलं, चिडले, शेवटी म्हणाले, दिदी, मग आम्ही मळ्यातल्या मुकादमाच्या सुनेला उभी करतो, ती निवडून येईलच. मी म्हणाले, येईल ना, कोण नाही म्हणतं. जाताना दाराशी थांबून त्यांनी विचारलं, त्या बाईच्या तुम्ही एवढ्या कोण लागता? तेव्हा अर्पणच्या बाबांनी आतून सांगितलं, मितिनी. बिचाऱ्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. आणखी एक सेलरोटी खाऊन गेले. अर्पण मात्र त्यांच्याबरोबर गेला. पक्षाच्या ऑफिसात झोपला म्हणे. अंथरूण नेलं नाही, स्वेटर नेला नाही. तिथे जमिनीवर गारवा असतो.

आता पत्र का लिहिलं ते सांगते. मी उभी राहत नाही, तेव्हा माझ्याविरुद्ध उभं राहण्याचं पाप संपलं. तुम्ही उभ्या राहा. हराल, मितिनी, मी तुम्हाला फसवत नाही. आमच्या वस्त्यांची मतं जास्त आहेत आणि ती तुम्हाला पडणार नाहीत. पण वॉर्डात सोंगबो नावाचं काही आहे, एवढं तरी मतमोजणीच्या दिवशी सगळ्यांना ऐकावं लागेल. सूचक त्याच वॉर्डातला मतदार लागतो, आणि नव्या नकाशाने तुम्हाला माझ्याच वॉर्डात आणून टाकलं आहे. तेव्हा सूचक मी. अर्जावर उमेदवाराचं नाव मला माझ्या हाताने लिहावं लागेल. आमच्या पुजाऱ्याला विचारलं, तर तो डोकं खाजवून म्हणाला, तोंडाने घेऊ नये असं आहे, लिहिण्याबद्दल जुन्या लोकांनी काही सांगितलेलं नाही, कारण त्यांना लिहिताच येत नव्हतं. सोमवार अर्ज भरायचा शेवटचा दिवस आहे. सकाळी पुलापाशी थांबा, बरोबर जाऊ, गाडीत सगळे बघतील तर बघू देत. अर्पण तोवर घरी आला तरी मी येईन. नाही आला तरी येईन.

तुमचीच,
मितिनी