एकशे आठवा मणी

कोइम्बतूर, १७ नोव्हेंबर

चि. इळंगोस अम्माचे अनेक आशीर्वाद.

मुरुगनच्या कृपेने इथे सगळे ठीक. तुझ्यासाठी लिंबाचं लोणचं घातलंय.

शुक्रवारी अप्पांचं परिषदेतलं भाषण झालं. केळीच्या मर रोगावरचं, निवृत्तीआधीचं शेवटचं. बारा मिनिटं दिली होती आणि यांच्या स्लाइड छत्तीस! मी नऊच ठेवायला लावल्या. म्हटलं, "आधी काय सापडलं ते सांगा, मग कसं ते."

"अगं, समोर शास्त्रज्ञ बसणार आहेत, तू नाही."

"जेवणाआधीचं भाषण ना? मग तेही माझ्यासारखंच ऐकणार."

महिनाभर रोज सकाळी तालीम चालली. घड्याळ दाखवलं की बावरायचे, म्हणून मी जपमाळ घेऊन बसायची. माझी माळ बरोबर बारा मिनिटांत होते. संपली की मी ती डोळ्यांना लावायची, की हे पुन्हा पहिल्यापासून सुरू.

इतकी तालीम कशाला, असं तू फोनवर विचारलंस, तेव्हा मी लोणच्याचं काढलं. आता लपवून दमले रे. उन्हाळ्यापासून ते विसरतात. दोनदा घराचा रस्ता चुकले. वीस वर्षांचं काम लोकांनी मानानं ऐकावं, कीव करत नव्हे, एवढंच मागत होते देवाकडे.

मी तिसऱ्या रांगेत बसले होते. एक शब्द चुकला नाही. एकशे आठव्या मण्याला शेवटचं वाक्य, आणि टाळ्या. सवयीनं मी माळ डोळ्यांना लावली.

त्यांनी ते पाहिलं, आणि पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरू केलं.

मागे कुणी म्हणालं, "टाळ्या फार आवडल्या वाटतं सरांना!" थोडा हशा पिकला. दुसऱ्या स्लाइडला सभागृह चिडीचूप. अध्यक्षा कयलविळी, त्यांचीच जुनी विद्यार्थिनी, उठून जवळ गेली. "सर, चला, जेवायला जाऊ."

"थांब गं," माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हिची माळ कुठं संपलीय?"

घरी आल्यावर त्यांनी विचारलं, "कसं झालं?"

"छान."

"मग उद्या परत म्हणून बघू."

आज सकाळी मी माळ घेतलीच नाही. ते बोलतच राहिले, कुठं थांबायचं ते त्यांना कळेना. शेवटी मी उठून घेतली.

पोंगलची वाट पाहू नकोस. अजून ते तुझं नाव घेतात, तोवर ये. भाषण ऐकवतील. मध्ये थांबवू नकोस.

माळ खाली ठेवता न येणारी,
तुझी अम्मा