ओवाळणीतली किडनी

प्रिय लीलाधर,

फोनवर तू मध्येच बोलतोस आणि मला मध्येच रडू येतं, म्हणून लिहिते. आधी बातमी. नागपूरचे डॉक्टर म्हणाले, भावाची किडनी भावाकडेच राहू द्या. माझ्या किडन्या गेलेल्या नाहीत, सुस्तावल्या होत्या. अंगातलं थायरॉइड कमी पडलं की किडनीचंही काम मंदावतं म्हणे. दोन महिने गोळी घेतली, तर रक्तातलं क्रिएटिनिन जवळजवळ जागेवर आलं. तोंडावरची सूजही उतरली. मुन्ना म्हणतो, आई पुन्हा आईसारखी दिसते.

हसलास ना? आता पुढचं वाच.

ही गोळी मला नवी नव्हती. इथल्या डॉक्टरांनी ती आधीच दिली होती. उपाशीपोटी घ्यायची, वर अर्धा तास चहासुद्धा नाही. मोहफुलांच्या दिवसांत आम्ही अंधारातच टोपली घेऊन निघतो, उशीर केला तर फुलं गुरं खातात. आणि चहा न घेता सालेकशाच्या जंगलात कोण जातं? सोडली गोळी. मग तेंदूपत्त्याची तोडणी आली, मग धानाची रोवणी. अंग जड झालं, त्याला मी कामाचा शीण म्हटलं. दिवाळीआधी तपासलं, तर किडन्या गेल्या असं निघालं.

भाऊबीजेला तू पाटावर बसून म्हणालास, "बाई, यंदा ताटात किडनीच टाकतो." सगळे हसले, पण तू थट्टा करत नव्हतास. एकदा तरी नको म्हणायला हवं होतं मी. मला जगायचं होतं रे. मी ओवाळत राहिले.

तेवढ्यात तुझ्या बायकोने, चेतनाने विचारलं, "बाई, थायरॉइडची गोळी घेऊन राहिल्या ना?" मी सगळ्यांसमोर हो म्हटलं. तू तिच्यावर ओरडलास, "तुले माही बहीण जड झाली काय?" ती भरल्या ताटावरून उठली, बाळाला घेऊन केशोरीला गेली, ती अजून माहेरीच आहे. लोक तिला दगडाच्या काळजाची म्हणाले, तेव्हा मीही मान डोलावली. लाज वाटते लिहितानासुद्धा.

नागपूरच्या डॉक्टरांनीही पहिला प्रश्न तोच विचारला. त्यांना मी खरं सांगितलं. परक्याला सांगता आलं, तुला नाही.

उद्याच्या बसने मी केशोरीला निघाले आहे. चेतनाच्या आईबापांसमोर सांगणार आहे की त्यांची लेक बरोबर होती आणि मी खोटं बोलले. ती परत येईल की नाही, ठाऊक नाही. तूही ये. पण तिच्या दारात आधी मला उभी राहू दे.

तुझीच,
दुर्पताबाई