डस्टिनसाठी बाणाची पाती

४ ऑगस्ट

प्रिय डस्टिन,

काकाचे आशीर्वाद. तुझी दाढ एकदाची काढली हे वाचून बरं वाटलं; किती दिवस ठणकत होती. इकडे आम्ही ठीक आहोत. उकाडा असा की कोंबड्यासुद्धा ट्रकच्या सावलीतून हलत नाहीत. टोमॅटो नुसते लगडलेत. तुझी काकू रोज बरण्या भरते आणि रोज म्हणते, पुढच्या वर्षी निम्मीच रोपं लावायची. रविवारी चर्चमध्ये तुझी आई भेटली. रीटाचा गुडघा आता कुरकुरत नाही. रीटा कुरकुरते, पण ते चांगलं लक्षण आहे.

आता मुद्द्याचं. तू ऑक्टोबरात सुटतोस, तोवर हरणांचा हंगाम सुरू झालेला असेल. तू माझ्याबरोबर टेकडीवरच्या शिकारीच्या कॅम्पला यायचंस. विचारत नाहीये, सांगतोय.

शिक्षा झाल्यामुळे कायद्यानं बंदुकीला तुला आता हात लावता येणार नाही, ते तुलाही माहीत आहे. क्रॉसबोचं तसं नाही, बंदुकीसारखा धरला तरी ते शेवटी धनुष्यच. तरी उगाच भानगड नको म्हणून, सुटल्यावर तुझ्यावर देखरेख ठेवणार आहेत त्या बाईंना मी जाऊन भेटलो. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "हार्लन, तुम्ही नक्की विचार केलाय ना?"

मी म्हटलं, "बाई, तुरुंगात त्याला पहिलं पत्र टाकल्यापासून मी दुसरं काय करतोय?"

त्यांनी लेखी परवानगी दिली. अट एवढीच की क्रॉसबो माझ्या घरी कुलपात राहील आणि मी बरोबर असेन तेव्हाच तू तो हातात घेशील. मला अट मान्य आहे. तुलाही आहे, असं मी त्यांना सांगून टाकलं.

क्रॉसबो घरात आहे, चांगला आहे, त्याची काळजी नको. घ्यायच्यात त्या दोन गोष्टी, अंतर मोजायचा रेंजफाइंडर आणि बाणाच्या टोकाला लावायची शिकारीची पाती. म्हणून ग्लेन्नाच्या दुकानात गेलो. ती आणि मी शाळेत एका वर्गात, त्यामुळे ती माझी गय करत नाही.

"इतकी वर्षं तोंड दाखवलं नाहीस, आणि आज एकदम रेंजफाइंडर?" ती म्हणाली. "नुसत्या नजरेनं यार्ड सांगणारा हार्लन कुठं गेला?"

"म्हातारा झाला."

"ते दिसतंय. कुणासाठी हवाय?"

मी सांगितलं. तिनं हातातलं काम बाजूला ठेवलं. मग काउंटरखालून खोकी काढायला लागली.

तिचं म्हणणं, क्रॉसबोचा बाण जोरात सुटतो म्हणून लोकांना वाटतं तो बंदुकीच्या गोळीसारखा सरळ जाईल. पण तीस यार्डांपुढं तो असा खाली येतो की हरीण चाळीसवर असताना तुम्ही तीस समजलात, तर बाण पायात लागतो आणि जनावर तीन टेकड्या पलीकडे जाऊन तडफडत मरतं. तेव्हा अंदाज नको, आकडा हवा. आपलं मचाण उतारावर आहे, म्हणून उतार धरून अंतर सांगणारा रेंजफाइंडर घे, म्हणाली. आणि आकडे लाल दिसणारा घे. काळे आकडे दुकानात छान दिसतात, पहाटे झाडीवर धरले की काळ्यावर काळं, काही वाचता येत नाही. तो मी तिथंच ठरवला.

पात्यांचं मात्र अडलं. एक प्रकार मिटलेला असतो, लागल्यावर उघडतो. नेमाला सोपा, जखम मोठी. दुसरा स्थिर, पाती कायम बाहेर. हाडावर बसला तरी आत जातो, पण हवेत वारा धरतो आणि बाण बाजूला नेतो. तुला काय वाटतं ते कळव. चित्रं काढत नाही. ही पत्रं आधी तिथले साहेब वाचतात. पात्यांची चित्रं बघून मलाच तुझ्या शेजारची खोली द्यायचे.

तुझा,
हार्लन काका


९ सप्टेंबर

प्रिय डस्टिन,

तुझं पत्र आलं. तब्येत, हवापाणी, काही नाही. नुसतं, "काका, तो क्रॉसबो कुणाचा ते मला समजलं. मी येणार नाही."

इकडे सगळे ठीक. मक्याची कापणी सुरू झालीय. काकू सध्या मॅरिएटाला बहिणीकडे गेलीय. का गेली ते लिहिणार नव्हतो. पण तू एका ओळीत सगळं मोडून टाकतोस म्हटल्यावर मलाही लिहिणं भाग आहे.

हो, तो कर्टिसचा आहे.

इतक्या पत्रांत मी त्याचं नाव एकदाही लिहिलं नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. या घरातही कुणी घेत नाही. आता एकदाच लिहितो, म्हणजे आपल्यात ते न बोललेलं राहायला नको. त्या दिवशी तुम्ही दोघं जत्रेतून येत होतात. दोघंही प्यायला होतात. गाडी तू चालवत होतास. पुलाच्या कठड्यावर गाडी गेली, तू वाचलास आणि माझा मुलगा गेला. कोर्टात तुझ्या वकिलाला काहीबाही सांगायचं होतं. तू उठून म्हणालास, मी प्यायलो होतो, मी चालवत होतो, शिक्षा द्या. तेव्हा मी तुझ्याकडे पाहिलं नाही. पण ऐकलं होतं.

रेंजफाइंडर मला नवा का घ्यावा लागला? कर्टिसचा त्या गाडीत होता. पोलिसांनी पिशवीतून परत दिला, तेव्हा त्याची काच फुटलेली होती.

मी तुला माफ केलं का, असं तू कधी विचारलं नाहीस, ते बरं केलंस. काल केलेलं आज पुरत नाही. सकाळी उठून पुन्हा करावं लागतं. काही सकाळी जमत नाही, आणि त्या दिवशी मी तुला पत्र लिहीत नाही. पण आज लिहितोय.

क्रॉसबो खुंटीवरून काढला तेव्हा तुझी काकू ट्वायला दारात उभी होती.

"ते होतं तिथं ठेव, हार्लन."

"दोरी बदलायला हवी. मेण लावायला हवं."

"कुणासाठी?" तिला माहीत होतं. तरी विचारलं.

"डस्टिनसाठी."

"त्याच्या हातात देणार? त्याच्या?" ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "माझ्या पोराची एवढी एक वस्तू उरलीय, ती तू त्याला देणार?"

मी म्हटलं, "ट्वायला, आपला एक गेला. दुसरा जिवंत आहे. याच स्वयंपाकघरात दोघं एका ताटातून खायचे. दुसऱ्यालाही मी पुरायचं का?"

तिनं बॅग भरली. मी अडवलं नाही. गाडीपर्यंत बॅग नेऊन दिली. तिनं ती माझ्या हातातून ओढून घेतली, पण गाडीचं दार आपटलं नाही. तेवढ्या आशेवर मी आहे.

कॅम्पवरही हेच. छपराची डागडुजी करायला शिकारीचे सगळे जुने सोबती जमलो होतो. लॉयड म्हणाला, "डस्टिन येणार असेल तर मी येत नाही. दारुड्याशेजारी मला झोप लागायची नाही."

मी म्हटलं, "लॉयड, तुझ्या घोरण्यानं इतकी वर्षं आम्हाला लागली नाही. तुझी खाट रिकामी झाली असं समजतो."

बाकीचे हसले. लॉयड हसला नाही, हातोडा टाकून निघून गेला. त्याचं मला वाईट वाटतं, पण मी माझं बोलणं मागे घेतलेलं नाही.

पाती मी स्थिर घेतली. तू मत दिलं नाहीस, म्हणून मीच ठरवलं. ऐनवेळी उघडतंय की नाही, याच्यावर मला काहीही सोडायचं नाही. बाजूला जात असेल तर मी बसून नेम जुळवीन. वेळ लागला तरी चालेल.

तू येणार नाहीस म्हणतोस. नको येऊस. पण ज्या दिवशी ते दार उघडेल, त्या दिवशी माझा ट्रक बाहेर उभा असेल. त्याच्या पुढून चालत जायचं असेल तर जा.

तुझा,
हार्लन काका


१३ ऑक्टोबर

प्रिय डस्टिन,

आशीर्वाद. टेकडीवर पानं लाल झालीत, आणि ओकची फळं इतकी पडलीत की चालताना पाय सरकतो. हरणं खाली उतरायला लागलीत. रीटानं तुझी खोली रंगवली. रंग कोणता ते विचारू नकोस, आल्यावर बघ आणि चांगला आहे म्हण.

तुझी काकू परत आलीय. कसं झालं ते सांगतो.

शनिवारी दुपारी मागच्या कुरणात गवताच्या गाठोड्यावर लक्ष्य लावून बसलो होतो. साधी टोकं लावली की बाण बरोबर मधोमध. शिकारीची पाती लावली की चारचार बोटं डावीकडे. ग्लेन्नानं बजावलं होतं, पाती लावल्यावर वरच्या दुर्बिणीचा नेम पुन्हा जुळव. तो जुळवत होतो आणि जुळत नव्हता. दुसरा बाण तर गाठोडं चुकवून कुंपणात गेला. मी कर्टिसला द्यायचो तशी शिवी दिली, आणि मागून आवाज आला, "डावीकडे जातोय."

ट्वायला होती. गाडी कधी आली, मला कळलंच नाही. अंगात बहिणीचा कोट होता.

"त्याचेही डावीकडेच जायचे," ती म्हणाली. "तू कामावर असायचास. अंतर सांगायला मीच उभी राहायचे. बाणाचं टोक थोडं फिरवून बसवायचा तो, पाती पिसांच्या रेषेत येईपर्यंत. मगच दुर्बिणीचा स्क्रू फिरवायचा."

मला हे माहीतच नव्हतं, डस्टिन. माझ्या घरात, माझ्या कुरणात हे चालायचं, आणि मला पत्ता नव्हता.

तिनं कट्ट्यावरचा नवा रेंजफाइंडर उचलला, डोळ्याला लावला. "बत्तीस," ती म्हणाली. मी सोडला. पुन्हा डावीकडे, पण कमी. तिनं स्वतः टोक फिरवून बसवलं. "बत्तीस. मार." आम्ही असे बराच वेळ मारत होतो. शेवटचे तीन बाण एका मुठीत मावतील असे बसले. मग ती गाठोड्यापाशी गेली आणि बाण काढायच्या निमित्तानं तिथंच पाठ फिरवून रडली. मी जवळ गेलो नाही. बाण काढून ती आली तेव्हा म्हणाली, "थंडी पडलीय. आत चल."

जेवताना मी विचारलं, "मग?"

"मग काय? मी त्याला माफ केलेलं नाही. तू मला तसं करायला सांगू नकोस."

"नाही सांगत."

"तो इथं आला तर मी त्याच्याशी गोड बोलेन असंही नाही." तिनं ताट बाजूला सरकवलं. "पण जत्रेतून निघाल्यापासून पुलापर्यंत कर्टिस काय बोलत होता, हे जगात एकालाच माहीत आहे. तो हसत होता का? गात होता? माझं काही काढलं का त्यानं? पोलिसांनी वेग सांगितला, डॉक्टरांनी हाडं सांगितली. हे मला कुणी सांगितलं नाही. मी विचारलं नाही, कारण ज्याला विचारायचं त्याचं तोंड मला बघायचं नव्हतं."

मी तिच्यापुढे पाणी सरकवलं.

"क्रॉसबो ने त्याला शिकवायला," ती म्हणाली. "पण आधी तो या टेबलाशी बसेल आणि मला सांगेल. सगळं. चांगलं तेवढंच नाही. मला बरं वाटावं म्हणून बनवून काही सांगितलं तर मला कळेल."

तेव्हा आता हे माझं बोलावणं राहिलेलं नाही. मला तू नाही म्हणू शकत होतास. तिला नाही म्हणायचा हक्क तुला नाही, हे तुलाही पटेल. काय सांगशील ते तिथंच बसून आठव. आठवत नसेल ते नाही आठवत म्हण. ती ऐकताना उठून गेली तर तू उठू नकोस, बसून राहा. ती परत येईल.

हरणाचं नंतर पाहू. मिळालं तर मिळालं. लॉयडनं निरोप पाठवलाय की त्याची खाट कुणाला देऊ नका. येतो म्हणाला नाही, पण खाट ठेवा म्हणाला.

शुक्रवारी सकाळी आम्ही दाराबाहेर असू. दोघं. ट्रकमध्ये मधली जागा तुझी. मी म्हटलं, तो मागे बसेल. काकू म्हणाली, नको, माझ्या शेजारी बसू दे.

तुझे काका-काकू,
कर्टिसचे आईवडील,

हार्लन आणि ट्वायला