भिंती जाड नाहीत, भाऊजी

भाऊजी,

चिठ्ठी टीव्हीलाच चिकटवतेय, म्हणजे मॅच लावायला आलात की दिसेल.

या नव्या घरात आल्यापासून माझं नेट रांगतंय. तुम्ही म्हणालात, "वहिनी, इथल्या भिंती जाड आहेत." मी भाबडी, राउटर हातात घेऊन घरभर फिरले. शाळेच्या ऑनलाइन मुलाखतीत धडा शिकवताना पडद्यावर माझं तोंड उघडं ते उघडंच राहिलं आणि हातातोंडाशी आलेली नोकरी गेली. वर तुम्हीच माझी समजूत काढलीत, "जाऊ द्या हो, दुसरी मिळेल."

आज तक्रार करायला कंपनीत फोन लावला. तिथल्या बाईंनी मला राउटरचं सेटिंग उघडायला लावलं. सगळ्या घराचं नेट सुसाट, फक्त माझ्या लॅपटॉपचा वेग बांधून ठेवलेला! ते सेटिंग या घरात तुमच्याशिवाय कुणाला जमतं? तुमची मॅच अडकू नये म्हणून माझ्या पोटावर पाय दिलात.

आता त्या सेटिंगचा पासवर्ड मी बदललाय. माझ्यावरची मर्यादा काढून तुमच्या टीव्हीवर आणि फोनवर घातलीय. मित्रांना खुशाल बोलवा, फायनल बघा गचके खात.

मी शाळेत चाललेय. मुख्याध्यापिकांसमोर उभी राहून पुन्हा संधी मागणार आहे. ह्यांना अजून काही बोललेले नाही. मी परत यायच्या आत तुम्हीच आपल्या भावाला सांगा. नाहीतर मी सांगेन, तुमच्या मित्रांच्या देखत.

वहिनी