नळ अर्धा तास सोडा

३ मार्च
आलो एकदाचे! मावशीचं घर नऊ वर्षं कुलूपबंद होतं. आता माझं आणि अण्णांचं. झाडता-पुसता कंबरेचा काटा ढिला झाला, पण जीव सुखावला. जन्मभर बादलीत अंघोळ केलेल्या माझ्या बापाला शॉवरचं कोण कौतुक! प्लंबर बजावून गेला, की टाकी उपसून धुवा, सगळे नळ आणि शॉवर अर्धा अर्धा तास सोडा, गीझर कडक तापवून तेही पाणी ओतून द्या, आणि तोवर खिडक्या उघडून बाहेर बसा. बरं म्हटलं.

४ मार्च
नळ सोडले. दोन मिनिटं लालसर आलं, मग स्वच्छ. केले बंद. तांब्या-तांब्याने पाणी जपण्यात उमर गेली माझी, टाकीभर पाणी गटारात घालवू? हात धजेना. प्लंबरचा फोन आला, त्याला ठोकून दिलं, झालं सगळं. गीझर कोमटवरच आहे, अण्णांना कढत सोसत नाही. शॉवरखाली त्यांचं गाणं चाललंय. गाणं कसलं, नुसता आरडाओरडा!

१० मार्च
अण्णांना ताप, कोरडा खोकला. दमट हवेने छाती मोकळी होईल म्हणून शॉवर सोडून तिथेच स्टुलावर बसवलं, चांगलं अर्धा तास.

१२ मार्च
हॉस्पिटल. त्यांना श्वास पुरत नाही. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घर बंद होतं का? साचल्या पाण्यातले जंतू फवाऱ्यातून छातीत जातात म्हणे. मी म्हटलं, सगळं धुऊन घेतलंय. लाज वाटली. एवढंच कारण.

१४ मार्च
खरं सांगितलं. बाईंनी औषध बदललं. दोन दिवस माझ्यामुळे वाया गेले.

१५ मार्च
अण्णा गेले.

१७ मार्च
मला ताप. बाथरूममधून गाणं ऐकू येतं — तोच आरडाओरडा. जाऊन पाहिलं. कोणी नाही. शॉवर ठिबकतोय.

१८ मार्च
ताई आलीय, तिच्या छकुलीला घेऊन. ताईला अजून शॉवरचं बोलले नाही. बापाला मीच — कोणत्या तोंडाने सांगू? माझं औषध आणायला गेलीय, आली की सांगते. नक्की.

पुन्हा गाणं. अण्णा, नका हो —

नाही. आवाज बारीक आहे. पाणी जोरात — पोर हसतेय —

उठवत नाही. हाक मारते तर खोकलाच — छकुले, बंद कर, बाहेर ये, श्वास नको घेऊ