आईच्या हातचा झ

घाटकोपर,
शनिवार, दुपारी जेवणानंतर

तीर्थस्वरूप ताई,

तुझा धाकटा भाऊ धोंडू याचा वाकून नमस्कार. (वाकून हे लिहिण्यापुरतंच. कमरेचा पट्टा अजून सुटलेला नाही.) तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींची साखर आटोक्यात आहे ना, की अजून लपून जिलेबी खातात? घाटकोपरहून बोरिवलीला कुणी पत्र टाकतं का, असं आमची सुलक्षणा सकाळपासून तीनदा म्हणाली. दोन मेट्रो बदलल्या की माणूस तुमच्या दारात, आणि फोन तर हातातच असतो. बायकोला काय सांगायचं? फोन मी सात वेळा केला. तू उचलत नाहीस, आणि का उचलत नाहीस ते मला ठाऊक आहे. त्यावर मी येणारच आहे, पण आधी इकडचं तिकडचं बोलल्याशिवाय माझी गाडी सुरू होत नाही हे तू लहानपणापासून बघतेस.

तर आपल्या गार्गीला मुलगी झाली, मी आजोबा झालो, हे तुला फॅमिली ग्रुपवर कळलंच असेल. (तू अंगठा दाखवलास, तो मी पाहिला.) बारसं एकवीस तारखेला आहे. आपल्याकडे बाळाचं पहिलं दुपटं घरातल्या म्हातारीच्या नेसून नेसून मऊ झालेल्या लुगड्याचं करतात. आईचं ते फिकट लिंबू रंगाचं सुती पातळ माझ्याकडे होतं. म्हटलं, नुसतं दुपटं काय करायचं, त्याच्यावर आईच्याच हस्ताक्षरात ‘बाळ’ असं छापू. लाकडाचे ठसे कोरायचे, रंगात बुडवायचे, मारायचे. पस्तीस वर्षं फाउंड्रीत लाकडी नमुने कोरलेला माणूस मी, मला कोण शिकवणार?

शिकवायला एक जण होती. गार्गीची वर्सोव्याची मैत्रीण कल्पिता कापडावर ठसेकाम करते. ती फोनवर म्हणाली, काका, अक्षर उलटं कोरा हां. मी तिला अर्धा तास व्याख्यान दिलं. अगं, आमच्या कामात लाकडाचा नमुना वाळूत दाबतात, वाळूत छाप उलटा उमटतो, त्यात लोखंड ओतलं की परत सुलटा होतो. म्हणजे लाकडावर अक्षर सरळच कोरायचं. उलटं कोरलं तर साहेब नमुना डोक्यात घालायचा. पोरगी बिचारी ‘बरं काका’ म्हणाली. मला वाटलं, पटलं तिला.

अक्षरं कुठून आणली विचारशील. स्वयंपाकघरातून. आईने बरण्यांवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या सुलक्षणाने अजून काढलेल्या नाहीत. बडीशेपेचा ब घेतला आणि गुळाचा ळ. चार दिवस भिंग लावून कोरत बसलो होतो, ताई. आई चाळीशीनंतर अक्षर शिकली, बाबा दुसऱ्या पाळीला गेले की चाळीतल्या वर्गात जायची, आठवतं ना? तिचा ब पोट सुटल्यासारखा आहे. सगळी अक्षरं आधी काढून घ्यायची आणि मग श्वास रोखून वरची रेघ एका दमात ओढायची. ती रेघ दर वेळी शेवटाला खाली उतरते. मीसुद्धा ती तशीच उतरती कोरली, आणि कोरताना माझाही श्वास आपोआप थांबत होता.

मग ठसा मारला. चादरीवर वगैरे नाही, थेट आईच्या पातळावर, कारण मला काय गरज सरावाची? पातळाच्या अर्ध्या लांबीवर ठसे मारून झाल्यावर सुलक्षणा चहा घेऊन आली आणि म्हणाली, हे कुठल्या भाषेत आहे? बघतो तर काय, सगळं उलटं. कापडाच्या आणि लाकडाच्या मधे वाळू नव्हती ना. पस्तीस वर्षांच्या नोकरीने माझी अशी वाट लावली. सुलक्षणाने ते पातळ खिडकीत वाळत घातलं. रंग झिरपून मागे उतरला होता, त्यामुळे समोरच्या बिल्डिंगीतल्या वसुधाबाईंना ते अगदी सुलट वाचता आलं. त्यांनी पेढे मागितले. दिले.

अर्धं पातळ अजून शिल्लक आहे. कल्पिताची माफी मागितली, ठसे उलटे कोरले, झकास उमटले. तेव्हा हाव सुटली. नुसतं ‘बाळ’ नको, ‘माझं बाळ’ हवं. म मिठाचा मिळाला, पण झ कुठेच मिळेना. सगळ्या बरण्या उतरवल्या. झुणका कोण बरणीत भरून ठेवतं? मग लक्षात आलं, आईने घरातल्या प्रत्येक वस्तूवर नाव लिहिलं, पण ‘माझं’ असं कशावरच लिहिलं नाही. मी स्वतः सात झ काढून पाहिले. सगळे माझेच झाले, तिचा एकही झाला नाही. त्या दिवशी मी जेवलो नाही. सुलक्षणाला पित्त झालंय असं सांगितलं.

बाकी सर्व क्षेम. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
धोंडू

ता. क. – तू डी.एड.ला रत्नागिरीला होतीस तेव्हा आईने तुला एक पत्र लिहिलं होतं. ‘माझी बायो, जेवतेस ना’ अशी सुरुवात होती. ते तुझ्या कपाटात आहे, मला माहीत आहे. त्यातला झ हवा होता.

आणखी एक – पत्र उलटंच लिहिलं गेलं बघ, आधी लिहायचं ते शेवटाला आलं. घराला रंग काढताना आईची चाळीतल्या वर्गातली अक्षरं गिरवायची वही मी रद्दीत दिली, उघडूनसुद्धा बघितली नाही. वर्षश्राद्धाला तू विचारलंस, तर ‘वहीच ना, त्यात काय होतं एवढं’ असं बोललो. त्यात तिचे सगळे झ होते, ताई. माझं चुकलं.

शेवटचं – ते पत्र पोस्टाने पाठवू नकोस, आणि माझ्या हातात तर मुळीच देऊ नकोस. कोरायला दोन दिवस लागतात, तेव्हा एकोणीसच्या आत तूच घेऊन ये. तू समोर धरून बस, मी नुसतं बघून लाकडावर काढतो.